तिसऱ्या रांगेतली मावशी

३ फेब्रुवारी, मंगळवार

नातीने ही डायरी आणून दिली आणि वर हुकूम सोडला, "आजी, तू आता सिनेमातली बाई आहेस, सगळं लिहून ठेवायचं." सिनेमातली बाई म्हणे! मी गर्दीतली बाई. बाजार भरला की बाजारात, लग्न लागलं की लग्नात, आग लागली की पळणाऱ्यांत. स्टुडिओला गर्दी पुरवणारा जो मुकादम आहे, तो पहिल्याच दिवशी मला न्याहाळून म्हणाला होता, "तुमचा चेहरा कोणाच्याही मावशीसारखा आहे, कुठेही खपेल." तेव्हापासून मी सगळ्यांची मावशी. मुलगा वेगळा राहायला गेला आणि घर खायला उठलं, तेव्हा शेजारणीने मला हाताला धरून तिथे नेलं. तिचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

ह्यांचं मत निराळं. जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले, त्यामुळे जिथे आकडा नाही तिथे ह्यांचा विश्वास नाही. "तुझी पाठ बघायला लोक तिकीट काढतात का?" असं विचारतात आणि स्वतःच हसतात. हसू देत. मला सकाळी उठून कुठेतरी जायचं असतं, हे सुख ह्यांना निवृत्त होऊनही कळलेलं नाही.

स्टुडिओने सध्या जुन्या दंतकथांचा सपाटा लावलाय. मागच्या वर्षी नावाड्याच्या मुलीची गोष्ट आली, येत्या शुक्रवारी पुलाखालच्या राक्षसाची येतेय, पुढे तीन बहिणींची. आणि ही सगळी मंडळी म्हणे एकाच जगात राहतात. त्याला युनिव्हर्स म्हणतात. माझ्या आजीने या गोष्टी सांगितल्या तेव्हा नावाड्याच्या मुलीची आणि राक्षसाची साधी तोंडओळख नव्हती. आता ती त्याची मावसबहीण निघालीय.

७ फेब्रुवारी, शनिवार

मी दिसले! पाठ नाही, कोपर नाही, चांगला तोंडभर चेहरा. राक्षस लग्नाच्या मांडवात घुसतो त्याच्या आधी, तिसऱ्या रांगेत, एक श्वास घेऊन सोडावा इतका वेळ. नात थिएटरात किंचाळली, पुढच्या बाईच्या हातातल्या लोण्यातल्या लाह्या सांडल्या. मी त्या बाईची माफी मागितली तर ती वळून बघते काय आणि म्हणते काय, "अगंबाई, तुम्हीच का त्या!" मला तर हुंदकाच आला.

हे आले नव्हते. गुडघा दुखतो म्हणाले. घरी येऊन सांगितलं तर म्हणतात, "किती वेळ दिसलीस?"

"एक श्वासभर."

"म्हणजे बिल यावं इतकाही नाही."

एरवी मी चिडले असते. आज नाही चिडले.

११ फेब्रुवारी, बुधवार

स्टुडिओच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मला वाटलं, कौतुक करणार. चांगली शाल घेऊन गेले.

झालं असं, की पहिल्या चित्रपटात अख्खं गाव पुरात बुडतं. बुडालेल्यांत मी होते. काठावर मला निजवलं होतं आणि नायिकेने स्वतःच्या हाताने माझे डोळे मिटले होते. मी तर धन्य झाले होते तेव्हा. आता दुसऱ्या चित्रपटातलं लग्न त्याच गावातलं, बऱ्याच वर्षांनंतरचं. मग पुरात मेलेली बाई लग्नाला आली कशी?

पूर्वी हे कोणी बघत नसे. गर्दीतली माणसं सकाळी लढाईत मरायची आणि दुपारी वरातीत नाचायची. पण आता सगळ्या गोष्टींचं जग एक, आणि एका जगात मेलेल्याने मेलेलंच राहायचं असतं. हे सांभाळायला एक बाई आहे. अर्धा प्यालेला पेला पुढच्या शॉटमध्ये अर्धाच राहिला पाहिजे, हे बघणं तिचं काम. एक चष्मा डोळ्यांवर आणि एक डोक्यावर असतो, म्हणून आम्ही तिला चष्मेवाली म्हणतो. बिचारीने नायकाचा व्रण सांभाळला, राक्षसाचा तुटका दात सांभाळला, घोड्याच्या कपाळावरचा ठिपका सांभाळला. गर्दीतल्या मावशीकडे कोण बघणार, असं तिलाही वाटलं. मलाही वाटलं होतं.

ऑफिसातला माणूस अगदी सभ्य. चहा मागवला. मग म्हणाला, "घरी बघण्यासाठी जी आवृत्ती येईल, तिच्यात आम्ही तुमचा चेहरा पुसणार आहोत. तिथे दुसरा बसवू. आणि पुढच्या चित्रपटात तुम्ही नकोत, या मॅडमही नकोत." चष्मेवाली माझ्या शेजारीच बसली होती. दोन्ही चष्मे तिने काढून मांडीवर ठेवले होते.

मी म्हटलं, "बरं." काय म्हणणार? चहा संपवला आणि निघाले. बसमध्ये एकच शब्द डोक्यात फिरत होता. पुसणार. ओटा पुसतात, फरशी पुसतात. एवढ्या वर्षांत मीच पुसत आलेय सगळं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, आता काहीतरी टोमणा मारतील, "चला, सुटलीस" म्हणतील. जेवता जेवता थांबले. "पुसणार म्हणजे कसं पुसणार?"

"कॉम्प्युटरवर. माझ्या जागी दुसरी कोणी येईल."

"कोण?"

"मला काय माहीत? असेल कोणी तरी, आपली मान आणि तिचं डोकं."

भाजी परत वाढू का विचारलं तर नको म्हणाले. माझ्या दुःखात निदान एक वाक्य तरी बोलावं माणसाने! पण नाही. तोंडाला कुलूप. मी कपाळाला हात लावला आणि भांडी घासायला घेतली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. रोज दुपारी जेवण झालं की चांगले बूट घालून "फिरून येतो" म्हणतात आणि तीन-तीन तास पत्ता नाही. गुडघा आता दुखत नाही वाटतं. काल आले तेव्हा अंगाला लोण्याचा वास येत होता. डॉक्टरांनी तेलकट-तुपकट बंद केलंय, आणि हे बाहेर जाऊन चोरून खाताहेत! विचारलं तर म्हणाले, "बागेत बसलो होतो." बागेत लोणी उगवतं का?

शनिवारी नात आली, तर तिला घेऊन आतल्या खोलीत बसले आणि दार लोटून घेतलं. म्हणे फोनवरून बिल भरायला शिकताहेत. आतून पुराचा आवाज आणि बायकांच्या किंकाळ्या येत होत्या. मी म्हटलं, हे कसलं बिल? नात म्हणाली, "आजी, मधे जाहिरात लागते." असेल. मला त्यातलं काही कळत नाही, आणि ह्यांना तर साधा निरोप पाठवता येत नाही.

माझं मन कशात लागत नाही. मुकादमाचा फोन येत नाही. सकाळी उठते, आंघोळ करते, केस विंचरते, आणि मग कळतं की जायचं कुठेच नाहीये.

२३ फेब्रुवारी, सोमवार

देव पावला म्हणायचं की काय!

नातीने दाखवलं. इंटरनेटवर कोणीतरी लिहिलंय, नाव घेतलंय "रिकामा प्रेक्षक". इथे जसंच्या तसं उतरवून ठेवते : "पहिल्या चित्रपटात बुडून मेलेली ही बाई दुसऱ्यात लग्नाला कशी? बाजारातही आहे, कांदेवाल्याच्या मागे. पुलावरही आहे, उजवीकडून पळणाऱ्यांत. मी पुन्हा पुन्हा जाऊन तपासलं. ओळखायची खूण सांगतो. दमली की ती करंगळीने केस कानामागे सारते. चूक असती तर एकदा झाली असती. ही बाई मरत नाही."

आणि त्याखाली लोकांची ही झुंबड! कोणी म्हणतं, तीच या सगळ्या कथांना जोडणारी. कोणी म्हणतं, राक्षस तिलाच घाबरतो, नीट बघा, ती दिसली की तो वळतो. कोणी माझ्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढलाय. माझं नाव पडलंय "न मरणारी".

मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. खरंच की! करंगळीनेच सारते. एवढं वय झालं, माझं मला माहीत नव्हतं. ह्यांना विचारलं, "अहो, मी अशी करंगळीने केस सारते का हो?"

"मला काय माहीत?" म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

बघा! जन्म गेला एका घरात आणि ह्यांना पत्ता नाही, आणि कुठला कोण परका माणूस, मी दमलेय हे त्याला पडद्यावर कळतं. कोण असेल तो, सुखी राहो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दूधवाला आज दार उघडल्यावर दचकून मागे सरकला आणि मग हात जोडून हसला. कोपऱ्यावरच्या दुकानातली मुलं मला बघून कुजबुजतात. मी मुद्दाम करंगळीने केस सारले. एक पोरगी तर पळालीच!

शेजारीण आली होती. तिला सांगत होते की पुलाच्या दृश्यात मी डावीकडून पळाले. आतून हे ओरडले, "उजवीकडून!"

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही बघायला आलात का?"

"तूच सांगितलं होतंस."

मला काही आठवत नाही. सांगितलं असेल.

नातीला म्हटलं, त्या माणसाला माझे आभार कळव. तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि एकदम ठसका लागला तिला. लिहिलं मात्र. थोड्या वेळाने उत्तर आलं : "आभार कसले. शूटिंगला जाताना शाल घेत जा, तिथे गार असतं."

किती गोड! कोणा चांगल्या घरचा मुलगा असणार. मी म्हटलं, त्याच्या आईचं भलं होवो. हे म्हणाले, "त्याची आई गेली असेल."

"अहो, काय हे अभद्र बोलणं! कोणाच्या आईबद्दल असं बोलतं का कुणी?"

नात तोंड दाबून मोरीत पळाली. या घरात मला सोडून कोणी धड वागेल तर शपथ.

४ मार्च, बुधवार

स्टुडिओने गाडी पाठवली. मला! शाल घेतली होती.

लांबलचक टेबलाभोवती लेखक मंडळी बसली होती, दिग्दर्शकसाहेब होते, आणि एका टोकाला चष्मेवाली, दोन्ही चष्मे जागच्या जागी. तिला परत बोलावलंय. तिने टेबलाखालून माझा हात दाबला. जीव भांड्यात पडला.

साहेब सांगत होते की मावशींची योजना पहिल्या दिवसापासूनच ठरलेली होती. मी मान डोलावली. ऑफिसातल्या त्या सभ्य माणसानेही डोलावली. खोटं बोलावं तर इतक्या आनंदाने.

मग लेखकांची जुंपली. ही बाई मरत का नाही? एक म्हणाला, शाप आहे. दुसरा म्हणाला, तिच्याकडे नदीतला मणी आहे. तिसऱ्याला सूड हवा होता. बराच वेळ चाललं होतं, बिस्किटं संपली. शेवटी साहेब मला म्हणाले, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "साहेब, शापबिप मला नाही कळत. तिला मरायला सवड कुठे आहे? लग्नात माणसं कमी पडली की तिला बोलावतात, बाजारात कमी पडली की तिला बोलावतात. तिला सांभाळून घ्यायचं असतं सगळीकडे."

सगळे हसले. मग हसायचे थांबले आणि लिहायला लागले.

तेच माझं वाक्य ठरलंय. तिसऱ्या चित्रपटात राक्षस परत येतो, अख्खा बाजार पळतो, मी एकटी उभी राहते आणि म्हणते, "मला मरायला सवड नाही." पहिल्यांदा माझ्या तोंडी वाक्य.

निघताना साहेबांनी बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. वाक्य जमलं, तर हा चेहरा पुढच्या सगळ्या चित्रपटांत राहील. नाही जमलं तर एखादी नावाजलेली नटी घ्यायची, आणि मागच्या दोन्ही चित्रपटांतही तिचाच चेहरा बसवायचा. वाईट वाटून घेऊ नका म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले, आधी पुसणारच होते की.

१५ मार्च, रविवार

नाही जमत.

चार शब्दांचं वाक्य, आणि तोंडातून असं येतं, जसं काही मी दुकानात सुटे पैसे मागतेय. नात म्हणते मोठ्याने बोल. मोठ्याने बोलले की नाटकी वाटतं. गर्दीत होते तेच बरं होतं. तिथे चुकलं तरी कोणाच्या नजरेत येत नाही. आता एवढी माणसं बघणार, चष्मेवाली आशेने बघणार, आणि मी फजिती करणार. सकाळी तर वाटलं, कळवून टाकावं की तब्येत बरी नाही.

ह्यांना सांगितलं. तर उठले, डोक्यावरून चादर ओढून घेतली, खुर्चीवर चढले आणि दोन्ही हात वर करून गुरगुरायला लागले. "म्हण," म्हणाले, "मी राक्षस."

"अहो, खाली उतरा! गुडघा मोडेल, मग मलाच निस्तरावं लागेल."

"आधी वाक्य म्हण."

म्हटलं. नाही जमलं. चादरीच्या आतून म्हणाले, "उद्या परत." रोज खुर्चीवर चढतात आता. माझं येत नाहीये ते नाहीच, पण ह्यांचं गुरगुरणं मात्र सुधारलंय. मला हसूही येतं आणि रडूही येतं. एवढं कधी केलं नव्हतं माझ्यासाठी, हे लिहून ठेवते, नाहीतर पुढे भांडणात विसरायची.

२४ मार्च, मंगळवार

काल शूटिंग झालं. काल लिहायचं त्राण नव्हतं, म्हणून आता चहा घेऊन निवांत बसलेय.

हे सोबत आले होते. "तुझी गोळी घ्यायची वेळ चुकते," म्हणाले. तिथे मुकादम डोक्याला हात लावून बसला होता, त्याची दोन म्हातारी माणसं आलीच नव्हती. ह्यांना बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. मी हसतच होते तोवर हे आत जाऊन कपडे बदलून आले! डोक्याला फडकं, हातात टोपली, कांदेवाल्याच्या शेजारी उभे. आता हे घरी जाऊन जन्मभर माझी नक्कल करणार.

राक्षस तिथे नसतोच. तो नंतर कॉम्प्युटरवर येतो. तिथे एक माणूस लांब काठीला पिवळा चेंडू लावून फिरतो, आणि बाजारातल्या सगळ्यांनी त्या चेंडूकडे बघून घाबरायचं असतं.

पहिल्या वेळी माझा आवाजच फुटला नाही. दुसऱ्या वेळी फुटला, पण साहेबांनी नुसतं "हं" म्हटलं. सगळा बाजार चेंडूकडे बघतोय आणि मी हवेशी बोलतेय, असं किती वेळ बोलणार? ऑफिसातला सभ्य माणूस फोन कानाला लावून बाजूला गेला. तो त्या नटीलाच फोन करतोय, अशी माझी खात्री झाली.

तिसऱ्या वेळी साहेबच ओरडले, "कट! ते टोपलीवाले काका कुठे बघताहेत? काका, राक्षस तिकडे!"

हे म्हणाले, "बरं."

परत सुरू. परत कट. "काका, चेंडू! पिवळा चेंडू! दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतो की."

"मग?"

"त्याच्याकडे सगळे बघताहेत," हे म्हणाले. "हिच्याकडे कोणी बघत नाहीये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठे काय बोलावं याचा पोच कधी नव्हताच ह्यांना! साहेबांनी डोळे चोळले आणि दमून म्हणाले, "चला, असंच घ्या."

सगळे पळाले. टोपल्या उलटल्या, कांदे माझ्या पायाशी आले. मी वळून बघते तर हे पळालेच नव्हते! सगळ्या बाजाराने जीव घेऊन पळायचं आणि हा माणूस टोपली धरून माझ्याकडे बघत उभा. असा संताप आला मला! डोळे भरून आले आणि संतापही आला, दोन्ही एकदमच. आणि ह्यांच्याकडे बघून, घरी जसं रोज बोलते तसंच तोंडून गेलं, "मला मरायला सवड नाही."

कोणी कट म्हणेना. मग साहेबांनी म्हटलं, अगदी हळू. मग टाळ्या वाजल्या. चेंडूवाल्या माणसाने काठी बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. ऑफिसातल्या सभ्य माणसाने फोन खिशात टाकला. साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मावशी, चेहरा राहणार."

मी सगळ्यांना नमस्कार केला. साहेबांना, मुकादमाला, कांदेवाल्याला. त्या रिकाम्या प्रेक्षकालाही मनातल्या मनात केला, जिथे कुठे असेल तिथे.

चष्मेवाली तिच्या कागदावर भराभर लिहीत होती. हसत माझ्याकडे आली. "मावशी, हे आता पक्कं झालं. बाजारातला म्हातारा राक्षसाकडे बघत नाही, हिच्याकडे बघतो. पुढच्या सगळ्या चित्रपटांत त्यांना तुमच्याकडेच बघावं लागणार. मी यात आता बदल करू देणार नाही."

घरी येताना हे गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "उद्या भाजी कुठली आणू?"

मी म्हटलं, "इकडे बघून विचारा. नियम आहे."

बघितलं. कान लाल झाले होते.